कांजिण्या, नागीण आणि एका विषाणूचे घराणे : प्रस्तावना

गोव्यातल्या हरमलच्या गिरकरवाड्यावर किंवा खालच्या वाड्यावर एखाद्या वयस्क माणसाच्या कमरेवर नागीण उठते. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी, रात्रभर झोप न देणारी. दोन-अडीच आठवडे उलटतात आणि त्याच घरातल्या लहान नातवाच्या अंगावर कांजिण्या येतात. घरची माणसे दोन्ही दुखणी सोसतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध लावत नाहीत. आजोबांची नागीण कुणा जाणत्याकडून उतरवून घ्यायची, तिच्यावर काव लावायची. नातवाच्या कांजिण्या देवीच्या खात्यातल्या, म्हणून फोडणी बंद, मासळी बंद, अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला. पेडणे तालुक्यात हे आजही घडते, डिचोलीत घडते, सीमेपलीकडे सावंतवाडी-दोडामार्गातही घडते.

हे छोटे पुस्तक लिहिण्याचे कारण एवढेच, की ही दोन्ही दुखणी एकाच विषाणूची आहेत. त्या विषाणूचे नाव व्हॅरिसेला झोस्टर. तो कोणत्या घराण्यातला, त्याचे सख्खे कोण, चुलत कोण आणि ज्यांच्याशी त्याचे नाते नसताना ते जोडले गेले ते कोण, हे पुढच्या प्रकरणांतून आले आहे. मराठीत रोगांवर पुष्कळ लिहिले गेले, विषाणूंच्या वर्गीकरणावर फार थोडे. वर्गीकरण म्हणजे परीक्षेपुरते पाठ करण्याची यादी, असे शाळेतच मनात बसते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. कोणते औषध चालेल, कोणती लस उपयोगी पडेल, आजारी माणसाजवळ कुणी जाऊ नये, हे सारे त्या विषाणूच्या घराण्यावरून ठरते.

नागीण आणि कांजिण्या यांचा संबंध सर्वांत आधी ध्यानात आला तो घरांघरांत जाणाऱ्या डॉक्टरांच्या. बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिले, की घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली की पाठोपाठ लहान मुलांना कांजिण्या येतात. वर हरमलच्या घरातले जे उदाहरण दिले, तेच त्यांनी पाहिले होते. १९२५च्या सुमारास कुंड्राटिट्झ यांनी नागिणीच्या फोडातला द्रव लहान मुलांना टोचला आणि त्यांना कांजिण्या आल्या. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही, पण त्याचे उत्तर नि:संदिग्ध होते. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांच्या फोडांतले विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून दाखवले आणि ते एकच असल्याचे सिद्ध केले. हे तेच वेलर, ज्यांना पोलिओच्या विषाणूवरील कामासाठी १९५४ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या साऱ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते एडगर होप-सिम्पसन. इंग्लंडमधल्या सायरेनसेस्टर या छोट्या गावातले ते साधे घरगुती डॉक्टर. मोठी प्रयोगशाळा नाही, विद्यापीठ नाही. आपल्या रुग्णांपैकी कुणाला, कोणत्या वयात, शरीराच्या कोणत्या भागावर नागीण झाली याची नोंद त्यांनी सोळा वर्षे ठेवली. १९६५ साली त्यांनी मांडले, की कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि वय झाले, प्रतिकारशक्ती उतरली की त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. नागीण बाहेरून येत नाही, बालपणीच्या कांजिण्यांतून येते, हे सांगायला त्यांना वही आणि चिकाटी पुरली. अशा गाठींत विषाणूची जनुकद्रव्ये प्रत्यक्ष सापडली ती १९८०च्या दशकात. १९८४ साली एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू डीएनएच्या पातळीवर ताडून पाहिला गेला आणि तो तोच निघाला. पेडण्याच्या आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी होप-सिम्पसन यांच्यावरचे प्रकरण जरूर वाचावे. अशी वही आपल्याकडेही ठेवता येते.

एक बाजू जोडण्याची झाली, दुसरी तोडण्याची आहे. देवी आणि कांजिण्या ही बहीण-भावंडे आहेत, कांजिण्या म्हणजे देवीचाच सौम्य अवतार, असे जगभर मानले जात होते. लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी १७६७ साली दोन्हींतला फरक नीट लिहून काढला. आपल्या आज्या-पणज्यांनी मात्र देवी, गोवर आणि कांजिण्या यांना वेगवेगळी नावे देऊन ठेवली होती आणि बहुतेकदा त्यांचे निदान बरोबर असे. त्यांचे निरीक्षण कच्चे नव्हते. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर, तळव्यांवर जास्त आणि सगळे एकाच अवस्थेतले. कांजिण्यांचे फोड छाती-पाठीवर जास्त, आणि कुठे नुकता लाल ठिपका, कुठे पाण्याने भरलेला फोड, कुठे खपली, असे सगळे एकाच वेळी दिसते. कातडी बघून जेवढे सांगता येते तेवढे त्यांनी सांगितले. नागिणीचे आणि कांजिण्यांचे नाते कातडीवरून दिसणारे नव्हते, म्हणून ते हातातून सुटले.

हरमलात साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या दंडावर देवी टोचल्याचे गोल वण आहेत. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली, तेव्हापासून सुरू झालेल्या एका मोठ्या कामाची ती खूण. त्या वणांकडे बोट दाखवून पुष्कळजण विचारतात, “देवी टोचल्या होत्या, तरी कांजिण्या कशा आल्या?” प्रश्न रास्त आहे. वर्गीकरण माहीत नसेल तर वाटते की लस फसली. देवीचा विषाणू पॉक्सविरिडी कुलातला, कांजिण्यांचा विषाणू हर्पिस कुलातला. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला ओळखतच नाही. इंग्रजीत दोन्ही रोगांच्या नावांत ‘पॉक्स’ आहे, पण पेडण्यात सगळे परब एका वांगडाचे नसतात, तसेच हे.

ही गल्लत केवळ घरगुती नव्हती. १९७०च्या दशकात देवी निर्मूलनाच्या मोहिमेत कार्यकर्ते देवीच्या रुग्णाचे छायाचित्र असलेले कार्ड घेऊन दारोदार, बाजारोबाजार फिरत. भारतात देवीची बातमी देणाऱ्याला शेवटी शेवटी १,००० रुपयांपर्यंत बक्षीस होते. अशा वेळी पुढे येणाऱ्या बातम्यांत कांजिण्या पुष्कळ असत, आणि प्रत्येक बातमीची खातरजमा करावी लागे. उलट चूक याहून घातक. जगात देवीचा नैसर्गिक लागण झालेला शेवटचा रुग्ण म्हणजे सोमालियातील मेर्का येथील रुग्णालयात स्वयंपाकी असलेला अली माओ मालिन. ऑक्टोबर १९७७मध्ये त्याला आधी मलेरिया झाल्याचे समजले गेले आणि अंगावर पुरळ उठल्यावर कांजिण्या! खरे निदान होईपर्यंत त्याच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाला शोधून लस द्यावी लागली. सुदैवाने तिथून साखळी पुढे गेली नाही, आणि मे १९८०मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

आता प्रत्यक्ष घराण्याकडे वळू. विषाणूंचे वर्गीकरण करणारी आंतरराष्ट्रीय समिती १९६६ साली मॉस्कोच्या परिषदेत स्थापन झाली. विषाणूच्या आत डीएनए आहे की आरएनए, त्याचा एक धागा आहे की दोन, वरचे कवच कसे रचले आहे, तो पेशीत कुठे वाढतो आणि त्याची जनुके कुणाच्या जनुकांशी जुळतात, यांवरून त्याचे घराणे ठरते. रोग कोणता होतो हा निकष त्यांत फार मागे येतो. कांजिण्यांच्या विषाणूत दुपेडी डीएनए आहे, सुमारे सव्वा लाख अक्षरांचा आणि सुमारे सत्तर जनुकांचा. १९८६ साली त्याची संपूर्ण अक्षरमाला वाचली गेली. त्याचे कवच वीस त्रिकोणी बाजूंचे असून १६२ घटकांचे बनलेले आहे. त्यावर मेदाचे वेष्टण असते. तो पेशीच्या केंद्रकात वाढतो. देवीचा विषाणू विटेच्या आकाराचा, आकारमानाने मोठा आणि केंद्रकाबाहेर वाढणारा. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोघे शेजारी ठेवले तर कुणी त्यांना नातेवाईक म्हणणार नाही.

शाळेच्या पुस्तकातल्या गण, कुल, प्रजाती, जाती या पायऱ्या विषाणूंनाही लावलेल्या आहेत. आपल्या विषाणूचा गण हर्पिसविरालीस. कुल ऑर्थोहर्पिसविरिडी. उपकुल आल्फाहर्पिसविरिनी. प्रजाती व्हॅरिसेलोव्हायरस. आणि जातीचे नाव आता ‘व्हॅरिसेलोव्हायरस ह्यूमनआल्फा ३’. जुन्या पुस्तकांत कुलाचे नाव हर्पिसविरिडी आणि जातीचे ‘ह्यूमन हर्पिसव्हायरस ३’ असे सापडेल. २०२३ साली ही नावे बदलली आणि वनस्पती-प्राण्यांप्रमाणे विषाणूंच्या जातींनाही दोन पदांची नावे देण्याची रीत पक्की झाली. विद्यार्थ्यांनी दोन्ही नावे ओळखावीत, कारण दवाखान्यात अजून जुनीच चालतात आणि पुढेही चालतील.

या उतरंडीच्या वरच्या टोकाशी एक विलक्षण नाते आहे, आणि ते प्रकरण लिहिताना मला सर्वांत जास्त आनंद झाला. जिवाणूंवर जगणारे शेपटीवाले विषाणू, ज्यांना फाज म्हणतात, त्यांच्या कवचाचे प्रथिन आणि हर्पिस विषाणूंच्या कवचाचे प्रथिन यांची घडी एकाच तऱ्हेची आहे. डीएनए कवचात भरण्याची पद्धतही तीच. म्हणून दोघांना एकाच महाविभागात ठेवले आहे आणि त्यातल्या सृष्टीला हाँगकाँगवरून हेउंगगोंगविरी असे नाव दिले आहे, कारण ही घडी ज्या फाजमध्ये अभ्यासली गेली तो हाँगकाँगमध्ये सापडला होता. माणसाच्या मज्जातंतूत दडून बसणाऱ्या विषाणूचे मूळ जिवाणूंच्या जगापर्यंत पोचते, हे कातडीवरच्या फोडाकडे बघून कुणाला सुचले असते?

खालच्या टोकाची नाती अधिक उपयोगाची. माणसाला होणाऱ्या नऊ हर्पिस विषाणूंची आल्फा, बीटा, गॅमा अशा तीन उपकुलांत वाटणी आहे. ओठावर किंवा जननेंद्रियावर फोड आणणारे हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन विषाणू आणि आपला कांजिण्यांचा, हे तिघे आल्फा. भराभर वाढतात आणि मज्जातंतूंत दडतात. बीटामधला सायटोमेगॅलोव्हायरस सावकाश वाढतो, त्याची दडण्याची जागा रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या मालिकेत. गॅमामधला एप्स्टाइन-बार रक्तातल्या बी पेशींत मुक्काम करतो. दडून राहणे हा साऱ्या घराण्याचा स्वभाव आहे. ‘एकदा कांजिण्या येऊन गेल्या, विषय संपला’ असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

व्हॅरिसेलोव्हायरस या प्रजातीतले बाकीचे काही सदस्य आपल्या गोठ्यात सापडतात. गाईगुरांना होणारा आयबीआर, ज्यात नाकातून स्राव, ताप आणि गाभण गाईचा गर्भपात होतो, त्याचा विषाणू या प्रजातीतलाच. तोही बरे झालेल्या जनावराच्या मज्जातंतूंत दडतो आणि जनावरावर ताण आला की पुन्हा बाहेर पडतो. तो माणसाला होत नाही. पशुपालकाने मात्र हे लक्षात ठेवावे, की बरे दिसणारे जनावर कळपात पुन्हा रोग पसरवू शकते. घोड्यांचे, डुकरांचे, मांजरांचे काही विषाणूही या प्रजातीत येतात.

वर्गीकरणाची खरी कसोटी आपल्या अगदी अलीकडच्या अनुभवात लागली. जुलै २०२२मध्ये केरळात एमपॉक्सचा भारतातला पहिला रुग्ण सापडला आणि देशभर पुरळ उठलेल्या माणसांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे येऊ लागले. १९५२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत तपासणी झाली तेव्हा संशयितांपैकी काहींना एमपॉक्स नव्हताच, त्यांना कांजिण्या होत्या. एमपॉक्सचा विषाणू देवीच्या घराण्यातला, पॉक्सविरिडीतला. त्याच्यासाठी माणसाला वेगळे ठेवणे, संपर्क शोधणे, घरच्यांची झोप उडणे, हे सारे एका चाचणीने टळले. त्याच नमुन्यांतून संस्थेला आणखी एक गोष्ट मिळाली. कांजिण्यांच्या विषाणूच्या जगात काही ठळक शाखा आहेत, त्यांना क्लेड म्हणतात. कोणती शाखा कुठे जास्त, याचा भूगोल बराचसा ठरलेला आहे. भारतात आधी क्लेड १ आणि ५ यांच्या नोंदी होत्या. पुण्याच्या शास्त्रज्ञांना या नमुन्यांत क्लेड ९ पहिल्यांदाच आढळला. विषाणू माणसांबरोबर प्रवास करतो. हरमलसारख्या गावात, जिथे हंगामात युरोपातले प्रवासी आणि देशाच्या कानाकोपऱ्यातले कामगार एकाच गल्लीत राहतात, तिथल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

एमपॉक्सचे जुने नाव मंकीपॉक्स. ते कानावर पडल्यावर सत्तरी तालुक्यात आणि दोडामार्गात लोकांच्या मनात माकडताप येणे स्वाभाविक आहे, कारण २०१५-१६पासून त्या भागाने माकडतापाने माणसे गमावलेली आहेत. म्हणून स्पष्ट सांगतो : माकडताप गोचिडीमुळे होतो, त्याचा विषाणू आरएनएवाला, डेंग्यूच्या कुलातला. त्याचा ना मंकीपॉक्सशी संबंध, ना कांजिण्यांशी. त्यावर वेगळे प्रकरण दिले आहे.

वाचकाला आणखी एका घोटाळ्याची कल्पना देतो. विषाणूंचे वर्गीकरण आणि रोगांचे वर्गीकरण ही दोन वेगळी दप्तरे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत कांजिण्यांचा क्रमांक बी ०१, नागिणीचा बी ०२, देवीचा बी ०३ आणि मंकीपॉक्सचा बी ०४. एकाच विषाणूला दोन क्रमांक, आणि लगेच शेजारी दुसऱ्याच घराण्यातले दोन रोग, कारण ही यादी कातडीवर काय दिसते त्यावरून लावलेली आहे. रुग्णालयाच्या कामाला ती सोयीची आहे, चुकीची नाही. पण रुग्णाच्या कागदावरचे दोन वेगळे क्रमांक पाहून दोन वेगळे जंतू समजू नयेत.

औषधाच्या बाबतीत घराण्याचा उपयोग सर्वांत थेट होतो. असायक्लोव्हिर हे औषध पेशीत शिरते तेव्हा निष्क्रिय असते. सिम्प्लेक्स आणि कांजिण्यांच्या विषाणूंकडे असलेले एक विकर त्याला जागे करते आणि मग ते त्या विषाणूचीच वाढ रोखते. ज्या पेशीत विषाणू नाही तिथे ते जवळजवळ काही करत नाही. हे औषध ज्यांच्या संशोधनातून आले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळाले. कांजिण्यांच्या विषाणूला त्याची मात्रा सिम्प्लेक्सपेक्षा जास्त लागते, त्यामुळे शेजाऱ्याला ओठावरच्या फोडासाठी दिलेल्या गोळ्या उसन्या आणून नागिणीवर घेऊ नयेत. देवीच्या घराण्यावर हे औषध चालत नाही.

नागिणीबद्दलची सर्वांत मोठी भीती म्हणजे तिचा वेढा कमरेभोवती पुरा झाला की माणूस दगावतो. ही भीती खरी नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या स्वतंत्र गाठी असतात आणि प्रत्येक गाठ आपल्याच बाजूच्या एका पट्ट्याची जाणीव सांभाळते. विषाणू एका गाठीतून जागा होतो, म्हणून पुरळ मध्यरेषेपाशी थांबते. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसात ते इतरत्र पसरू शकते आणि ते गंभीर असते, पण तिथेही कारण वेढा नसून खालावलेली शक्ती असते. भीती बाळगायचीच असेल तर डोळ्याची बाळगावी. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो, आणि तेव्हा एक दिवसही घालवू नये.

लसीचे प्रकरण मुद्दाम मोठे ठेवले आहे. जपानच्या ओसाका विद्यापीठातले मिचिआकी ताकाहाशी यांच्या मुलाला १९६४ साली कांजिण्यांचा तीव्र आजार झाला होता. १९७४ साली त्यांनी याच विषाणूला दुबळे करून ओका ही लस तयार केली. आज जगातल्या कांजिण्यांच्या लसी मुख्यत्वे तिच्यावरच उभ्या आहेत. ती क्लेड २मधली, तरी इतर शाखांविरुद्धही संरक्षण देते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना तिचे दोन डोस सुचवते, पण ते पालकांना स्वखर्चाने घ्यावे लागतात. नागिणीसाठी पन्नाशीपुढच्यांची वेगळी लस २०२३पासून भारतात मिळते, तीही महाग. हरमलच्या रापणकाराला किंवा हंगामी कामगाराला हा खर्च झेपणारा नाही. उष्ण प्रदेशांत कांजिण्या लहानपणी न होता तरुणपणी होण्याचे प्रमाण थंड देशांपेक्षा जास्त आहे आणि मोठ्यांत तो आजार अधिक जड जातो. म्हणून ही लस सरकारी कार्यक्रमात यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकाला शेवटी एवढीच विनंती. घरात कुणाला नागीण उठली तर ती उतरवून घ्या अथवा नका घेऊ, पण पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत तुयेच्या किंवा आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. फोडांवर खपल्या धरेपर्यंत ते कापडाने झाकून ठेवा, आणि ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशा गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला त्या माणसापासून दूर ठेवा.